‘आचल’ नावाचं अत्तर

अश्विनने कागदाची पट्टी बाटलीत बुडवली, हवेत हलवली आणि समोरच्या मुलीच्या हातात दिली.

“आधी मिरी आणि लवंग येईल,” तो म्हणाला. “जरा थांबा. मग सागवान. नुकतं कापलेलं.”

मुलीने डोळे मिटले. अमरावतीच्या त्या सभागृहात हातानं बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. शेजारच्या टेबलांवर साबण होते, मेणबत्त्या होत्या, बांबूचे दिवे होते. गर्दी मात्र अकोल्याहून आलेल्या अश्विनच्या अत्तराभोवती होती.

“याचं नाव ‘आचल’ काहून?” मुलीने डोळे उघडत विचारलं.

अश्विन याच प्रश्नाची वाट पाहत असायचा. मागे खोकी बांधत बसलेल्या बायकोकडे त्याने हात केला.

“ही आचल. लाकडातून मूर्ती कोरते. इथंच, अमरावतीच्या कॉलेजात, मी हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिच्या केसांत ढलप्या होत्या आणि तोंडात लवंग. कामात असली की हाक ऐकू जायची नाही. ते सगळं मी बाटलीत भरायचा प्रयत्न केला.”

लोकांनी कौतुकाने आचलकडे पाहिलं. ती हसली. त्यात खोटं काही नव्हतं. सागवानाचे तुकडे मद्यार्कात मुरवत, बिघडलेलं ओतून देत, पुन्हा मिरी कुटत त्याने या वासामागे वर्षं घालवली होती. प्रेमाशिवाय एवढं कोणी करत नाही, हे तिला कळत होतं.

मुलगी पुढे सरकली. तिचं नाव प्रियदर्शनी. ती त्याच कॉलेजात शिल्पकला शिकत होती.

“ताई, सध्या काय करून राहिल्या तुमी?”

आचलने तोंड उघडलं. पण अश्विनच आधी बोलला. “सध्या माझं पॅकिंग सांभाळते. हा सगळा व्याप तिच्याच जिवावर आहे.”

“अच्छा,” प्रियदर्शनी म्हणाली. तिने एक बाटली घेतली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

दुपारी गर्दी ओसरली. अश्विनने डबा उघडला. आचलने पोळीला हात लावला नाही.

“अश्विन, मागची खोली मले पाहिजे.”

“कोनती?”

“आपल्या घरची.”

अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या घरात मागची एकच खोली रिकामी होती. लग्नानंतर थोडे दिवस तिथे आचलची हत्यारं होती. मग अश्विनच्या बरण्या आल्या आणि पटाश्या, हातोड्या पलंगाखाली गेल्या. कोणी त्या काढ म्हटलं नव्हतं. तिनेच काढल्या होत्या.

“काहून पाहिजे?”

“लाकूड आनाचं हाये.”

“अगं, तिथं अत्तर उघडं असते. भुसा उडंल. अत्तरात पडला तं सगळा माल खराब.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. त्याने टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. सगळ्यांवर तिचं नाव होतं.

“वास चांगला झाला,” आचल म्हणाली. “खरंच चांगला झाला. पन लोक मले इचारतात तवा तू सांगतं. माह्यापाशी सांगाले काही नाही.”

“दिवाळीनंतर पाहू ना. आता ऑर्डरी हायेत.”

“मागच्या साली पन दिवाळीच होती.”

ती उठली, चप्पल घातली आणि बाहेर गेली. ती कुठे गेली हे अश्विनला कळलं नाही. संध्याकाळी तो खोकी आवरत असताना दाराशी ऑटो थांबला. ऑटोत आचल होती आणि तिच्या पायाशी आडवा सागवानाचा ओंडका. कॉलेजात असताना ती ज्या आरा मशीनवर लाकूड घ्यायची, तिथूनच तो आणला होता.

एसटीत चढवताना अश्विनने ओंडक्याचं एक टोक धरलं. तो दिसत होता त्यापेक्षा बराच जड निघाला.

घरी आल्यावर त्याने बरण्या स्वतःच उचलल्या आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर मांडल्या. तिथल्या उकाड्याने काही माल बिघडला. नागपूरच्या एका दुकानदाराला त्याने यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. हे करताना त्याला आनंद वाटत होता असं नाही. कधी तो जेवता जेवता उठून माळ्यावरच्या बरण्या तपासे. त्याची आई गोदाबाई मात्र बोलून दाखवायची.

“वरनाले बी लवंगीचा वास येऊन राहिला बाप्पा,” ती म्हणायची. “मानसानं जेवावं की हुंगावं?”

मागच्या खोलीत आचलचं काम पुढे सरकत नव्हतं. हात विसरले होते. पटाशी घसरायची, रेषेच्या बाहेर जायची. तळव्यावर फोड आले, फुटले. एकदा तिने चांगला निघालेला भाग चुकीच्या घावाने उडवला आणि दार लावून रडली. अश्विन बाहेर उभा राहिला. आत जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. थोड्या वेळाने आतून ठोकण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो दारापासून दूर झाला.

मग एका दुपारी गोदाबाई चहा घेऊन त्या खोलीत गेली. ढलप्यांतून वाट काढत ती ओंडक्यासमोर उभी राहिली. लाकडातून एक खांदा वर आला होता. त्याच्यावर मान होती, किंचित वळलेली. पुढे अजून नुसतं लाकूड होतं. गोदाबाईने मान वाकडी करून ते बराच वेळ पाहिलं.

“कोन व्हय हे?” तिने विचारलं.

आचलने कपाळावरचा भुसा मनगटाने पुसला आणि चहाचा कप घेतला.

“अजून कोनीच नाही, आई.”