मधला स्पीकर

आमच्या लेकीच्या, शलाकाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. मी तोरण बांधतोय, दोरी सारखी सुटतेय आणि शेजारी उभी राहून मोहना मला काहीतरी सांगतेय. सनई ऐकू येत होती, पाहुण्यांचा गलबला येत होता. मोहनाचे मात्र नुसते ओठ हलत होते.

ती जाऊन महिना झाला. तिचा आवाज एवढ्या एकाच व्हिडिओत आहे.

मी होम थिएटरच्या वायरी काढून पुन्हा लावल्या, रिमोटची सगळी बटणं दाबली. शेवटी मकरपुऱ्याहून दुरुस्तीवाल्या हितेशभाईंना बोलावलं.

“काका, मशीन तो बराबर छे. बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तो कुठे आहे?”

“टीव्हीपुढे होता. तेराव्याला मीच काढला. तिथे हिचा फोटो ठेवायचा होता.”

हितेशभाईंनी हार घातलेल्या फोटोला हात जोडले. “तुम्हीच उचला, काका.”

मी फोटो मांडीवर घेऊन बसलो. त्यांनी स्पीकर जागेवर ठेवला, वायर जोडली, व्हिडिओ पुन्हा लावला.

“अहो, सोडा ते,” मोहना म्हणाली. “तुम्हाला एकट्याला नाही जमायचं. द्या इकडे.”