नाकवाली

कागद उलगडला आणि वास ओट्यावरून थेट तिच्या घशात उतरला. कुजका, उग्र, चार दिवस ओल्या राहिलेल्या पोतेऱ्यासारखा. तिनं मांडीवरच्या लेकीच्या जावळात नाक खुपसलं. तिथं दुधाचा वास होता. तेवढ्यावर तिनं एक श्वास भागवला.

नवरा माशाच्या तुकड्यांवर वाकला. डोळे मिटून त्यानं लांब श्वास घेतला.

“वा! फर्स्टक्लास,” तो म्हणाला. “आत्ता पाण्यातून काढल्यासारखा.”

तिनं लेकीला आणखी जवळ ओढलं.

मासा तिनंच नासवला होता. काल आणला आणि रात्रभर बाथरूममध्ये गिझरखाली ठेवून दिला. सकाळी त्यावर बुळबुळीत थर चढला होता. उमासे दाबत तिनं तो मिठाच्या पाण्यानं चोळून चोळून काढला. डोळ्यांना दिसायला नको, बोटांना लागायला नको. कळलं तर फक्त नाकाला कळलं पाहिजे.

कारण उद्या तो कामावर परत जाणार होता. तळलेला मासा आणि चिप्स विकणारं दुकान. तिथल्या कढईवर लग्नाआधीपासून तोच. तेल बदलायला झालं की वासावरून सांगायचा. माशाची पेटी पुरती उघडायच्या आत परत पाठवायचा. मग थंडीतल्या तापानं त्याच्या नाकातला वासच पळवला. दूध करपून काळं झालं तरी हा शेजारी उभा राहून शीळ घालायचा. लेकीनं डायपर भरला तरी तिला छातीवर घेऊन लोळायचा. “या घरात सुखी माणूस मी एकटाच,” म्हणायचा. मालकांनी त्याची जागा धरून ठेवली होती. वास यायला लागला की ये, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि परवा यानं फोन करून सांगून टाकलं, यायला लागला.

तो खोटं बोलत असावा, असं तिला वाटत होतं. तोंडावर विचारायचा धीर होत नव्हता. त्या दुकानापुढे शाळा सुटली की पोरांची रांग लागते. एक नासका तुकडा त्यातल्या कुणाच्या पोटात गेला, तर नवऱ्याला जन्मभर झोप लागणार नव्हती.

“आज तुला दुकानासारखा खिलवतो, नाकवाली,” तो म्हणाला. हे नाव त्यानंच ठेवलेलं. माशाचा तिला मुळातच तिटकारा. तो घरी आला की ती त्याला दारातच अडवायची. आधी अंघोळ, मग लेक.

त्यानं मैदा चाळला. मीठ, बेकिंग पावडर, वर बर्फगार सोडा. पीठ फार ढवळलं नाही, बारीक गुठळ्या तशाच राहू दिल्या. बटाट्याच्या बोटभर जाड फोडी एकदा मंद तेलात तळून निथळत ठेवल्या होत्या. माशाचा तुकडा फडक्यानं टिपला, कोरड्या मैद्यात लोळवला, भिजवलेल्या पिठात बुडवला आणि अलगद तेलात सोडला. हात काहीच विसरले नव्हते.

गरम तेलानं त्या वासाला पाय फुटले. तो पडद्यांत शिरला. दोरीवरच्या दुपट्यांत शिरला. तिच्या जिभेवर येऊन बसला. तोंडात खारट पाणी सुटलं, ते तिनं गिळलं. पुन्हा सुटलं, पुन्हा गिळलं. चेहरा मात्र तिनं दगडाचा केला. परीक्षा म्हणजे परीक्षा.

तुकडे वर आले. सोनेरी, फुगलेले, चित्रातल्यासारखे. आत काय होतं, ते तिला ठाऊक होतं. त्यानं चिप्स दुसऱ्यांदा तळल्या, मीठ भुरभुरलं आणि बशी पुढे आणली. लेकीनं दोन्ही हात पसरले. “मम्!”

तिची किंकाळी ओठांशी आली होती. तेवढ्यात त्याचा हात हवेतच थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वळला आणि बशी कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. चिप्ससकट.

“खराब आहे,” तो म्हणाला.

ती लेकीला घेऊन ताडकन उठली. “वास आला? खरंच आला तुला?”

त्यानं गॅस बंद केला.

“नाही.”

“मग?”

“मी कढई ठेवली की तू खिडक्या उघडतेस. पडदे काढतेस. माझा उद्धार करतेस. आज एवढा मासा तळला आणि तू एकदा ‘शी’ म्हणाली नाहीस.” तो भिंतीला टेकून खाली बसला. “तुझा चेहराच सांगत होता, नाकवाली. उद्या मालकांना सांगून टाकतो, खोटं बोललो म्हणून. पण मला दुसरं काय येतं गं?”

तिनं लेकीला कडेवरून खाली सोडलं तशी ती रांगत गेली आणि त्याच्या मांडीत जाऊन बसली. ‘आधी अंघोळ’ असं आज कुणी म्हणालं नाही.

तिच्या डोळ्यांपुढे ते दुकान आलं. ओली फरशी. एकावर एक रचलेल्या पेट्या. झाकण उघडताच तोंडावर येणारा तो गार, खारट भपकारा. तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर तोंड काढून पोटभर श्वास घेतला.

“दुकानात मासा सकाळी किती वाजता येतो?”

“सातला. का गं?”

“तिथं ‘शी’ म्हणायला कुणीतरी लागेल ना.”