भुताच्या पानातली आमटी

"ही आमटी आहे की गुळाचं पाणी?" कोल्हापुरी तिखटावर वाढलेल्या केतकीनं वाटी सरकवली. मृदुलाचा चेहरा उतरला. लग्नाला महिना झाला, तरी नवऱ्याची ही लेक तिला काकूच म्हणत होती.

त्यातून नवं बिऱ्हाड थाटलं ते भुताच्या घरात! त्या भुतानं इतके भाडेकरू पळवले होते, की सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्यानं तेवढ्यावर माडी बांधली. म्हणून मृदुलानं माहेरच्या रिवाजानं पहिलं पान त्यालाच वाढलं होतं.

अचानक त्या पानापुढचा रिकामा पाट करकरला आणि घोगरा आवाज आला, "शी! आमटीत एवढा गूळ? कुठून आणलीत ही बाई?"

मृदुलाचे डोळे भरले. पण केतकी ताडकन उठली. "ए टिकोजीराव! आमच्या आईच्या आमटीला नावं ठेवायची तर आम्ही ठेवू. तू गुमान जेव, नाहीतर चालता हो!"

भुताला असं आजवर कुणी दरडावलं नव्हतं. "बरं बाई," ते पुटपुटलं, "वाढा अजून थोडी."

'आमच्या आईच्या' हे शब्द मनात घोळवत मृदुलानं आनंदाच्या भरात त्याच्या भातावर आमटीऐवजी ताक ओतलं. भुतानं तेही मुकाट्यानं ओरपलं.