भिंतीकडची खुर्ची

"घालवला यानं हाही पॉइंट," मेथी निवडता निवडता प्रभाताई म्हणाल्या.

पडद्यावर निळ्या शर्टवाला अजून चेंडू आपटतच होता. मग त्याने सर्व्हिस केली, दोन फटके झाले आणि तिसरा त्याने खरोखरच नेटमध्ये मारला.

"आजी, वी माख्स्ट दू दास?" नात अन्वी ओरडली. आजीला हे जमतं तरी कसं, असं तिला विचारायचं होतं. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं.

"योगायोग," सोफ्यावरून जयंत म्हणाला.

योगायोग कसला! भिंतीपलीकडे फ्राउ ड्रेसल राहायच्या. रविवारी दुपारी मिक्सर लावला तर जयंत आईला "रूहेत्साइट आहे, आवाज नको" म्हणून दटावायचा, पण टेनिस लागलं की या सत्तरीच्या बाई स्वतःच शांतता धाब्यावर बसवायच्या. त्यांच्याकडे केबल होती आणि जयंतचा टीव्ही इंटरनेटवरचा. तिकडे पडलेला पॉइंट इकडे पोचायला चांगलं अर्धं-पाऊण मिनिट लागायचं. निळा त्यांच्या देशाचा. भिंतीतून "सुपर!" आलं की पॉइंट निळ्याचा, "माइन गॉट!" आलं की समोरच्याचा. प्रभाताईंना जर्मन एवढंच येत होतं आणि तेवढं पुरत होतं. "पाठीला आधार बरा" म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीला लावून घेतली होती.

गंमत म्हणजे जयंत कंपनीत उशीरच मोजायचा, गाडीचा ब्रेक दाबल्यापासून तो लागेपर्यंतचा. घरी मात्र कॉमेंटरी मोठी करून सोफ्यात रुतून बसायचा.

प्रभाताईंना पुण्याहून येऊन महिना झाला होता. पुण्यात त्या आजही स्कूटरवरून भाजी आणायच्या. इथे कोपऱ्यावरच्या बेकरीतही एकटं जायची मुभा नव्हती. भाषा येत नाही, रस्ता चुकशील, पडशील. हेर्त्सोगेनआउराख हे गाव ते केवढं! एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून "गेझुंडहाइट, तब्येत सांभाळा" ऐकू यावं. मुलगा काळजीपोटी बोलतो हे त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग यायचा.

शेवटचा सेट टायब्रेकवर आला. निळ्याकडे मॅच पॉइंट होता, पण आधीचे तीन त्याने दवडले होते. आता तर तो लंगडत होता, आणि समोर पहिल्या नंबरचा खेळाडू.

"संपला हा," जयंत म्हणाला. "पाय गेला त्याचा. पहिला नंबरच जिंकणार, लिहून घ्या."

तेवढ्यात प्रभाताईंच्या पाठीला भिंतीतून हादरा बसला. पलीकडे बहुतेक खुर्ची पडली होती. मागोमाग "सुपर! सुपर! सुपर!"

चहा घेऊन आलेली मीनल दारातच थबकली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"अन्वी, आवाज वाढव गं," ती शांतपणे म्हणाली. "शेवटचा पॉइंट आहे."

प्रभाताईंनी मेथी बाजूला ठेवली. "जयंता, लावतोस पैज?"

"कसली?"

"निळा जिंकला तर उद्यापासून मी एकटी बाहेर जाणार. कुठं चाललीस, कधी येशील, विचारायचं नाही."

"आणि हरला तर?"

"तर पुण्याला परत जाईपर्यंत विषय काढणार नाही."

"लावली!" जयंतने हात पुढे केला. त्याला आईची दयाच आली होती.

पोराला फसवतेय मी, असं क्षणभर प्रभाताईंच्या मनात आलं. मग त्यांना बेकरी आठवली आणि त्यांनी त्याच्या हातावर जोरात टाळी दिली.

निळ्याने सर्व्हिस केली. चेंडू रेषेवर पडून असा उसळला की पहिल्या नंबरला रॅकेटही लावता आली नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रभाताई बोटाने दाखवून खसखस लावलेले पाव घेऊन आल्या. मग नदीकाठी फिरून आल्या. जयंतने शब्द पाळला. विचारायचा काही नाही, नुसता खिडकीत उभा राहायचा.

पुढच्या रविवारी पुन्हा निळ्याची मॅच होती आणि प्रभाताईंचा पत्ता नव्हता. जयंतने फोन लावला, तर तो स्वयंपाकघरात थालीपिठाच्या परातीशेजारी वाजला.

"बस झालं," तो म्हणाला. "मी बघून येतो."

"अरे, येतील त्या," मीनल म्हणाली. ती हसू दाबत होती, पण जयंतचं लक्ष कुठलं असायला. तो दाराशी जाऊन बूट घालू लागला. पडद्यावर निळा सर्व्हिससाठी चेंडू आपटत होता.

"अगं बाई! बाहेर मारला की गं यानं!"

आवाज भिंतीतून आला होता. पाठोपाठ दुसरा आला, "माइन गॉट!" आणि मग दोन म्हाताऱ्या खो खो हसल्या.

जयंत एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला. पडद्यावर निळ्याने चेंडू वर उडवला, सर्व्हिस केली, समोरून आलेला परतवला आणि सरळ बाहेर मारला.

जयंतने भिंतीकडे पाहिलं. सवयीने त्याची नजर घड्याळाकडे गेली. मग तो आईच्या खुर्चीकडे वळला.

तिथे भिंतीला पाठ टेकून अन्वी बसली होती.

"बाबा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "लावता पैज?"