रंकाळ्याची सहल

कोल्हापूरचा रंकाळा तलाव बघायला म्हणून बेळगावहून गाडी निघाली, तशी सहा वर्षांच्या सौम्यानं शाळेतली कन्नड गाणी म्हणायला सुरुवात केली. पुढच्या सीटवर आजोबा, म्हणजे आप्पा, मोबाईलवर कुठल्याशा दोन देशांच्या लढाईच्या बातम्या बघत होते. "एवढीशी जमीन, आन् तिच्यावरनं मरत्यात. अक्कल न्हाय लोकांस्नी," ते गाडी चालवणाऱ्या सौम्याच्या बाबाला, आदर्शला म्हणाले.

निपाणी जवळ आली आणि मागं सौम्याशेजारी बसलेल्या तिच्या आईला, माधवीला कोल्हापूरच्या बहिणीचा मेसेज आला, 'इकडं कर्नाटकच्या गाड्या अडवायलेत म्हणं. जपून या.' माधवीनं पटकन सौम्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सौम्या, कन्नड गाणं बंद. आता एक शब्द काढायचा न्हाय."

"अगं, आपण मराठीच की," आप्पा हसले.

"माणसं मराठी, आप्पा. नंबरप्लेट?"

आप्पांनी मोबाईल खिशात टाकला. आदर्शनं काचा वर घेतल्या.

राज्याची हद्द आली नि गेली. अडवणं सोडा, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कागलला पेरू घ्यायला गाडी थांबली, तेव्हा कुठं माधवीचा जीव भांड्यात पडला. पेरूवाल्या आजीनं तिखटमीठ लावून एक फोड सौम्याच्या हातावर ठेवली.

"नाव काय गं बाळा तुझं?"

सौम्या गप्प.

"सांग की, आजी विचारत्यात," माधवी म्हणाली.

फोड तशीच हातात धरून सौम्या आईच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, ही आजी कुठल्या बाजूची हाय?"