संगणकाला अमावास्या कळते का?

"तुझ्या संगणकाला अमावास्या कळते का?" डॉक्टर राधाकृष्ण यांनी विचारलं.

आदिनाथने मान वर केली. सावेडीतल्या या दातांच्या दवाखान्याचा सगळा कारभार संगणकावर आणायचं काम कंपनीने त्याच्यावर सोपवलं होतं. ते पार पडलं की मालक त्याला नोकरीत कायम करणार होते. काम तयार होतं. अडलं होतं ते डॉक्टरकाकांच्या सहीपाशी.

"अमावास्येला आपल्याकडं कोणी दाढ काढून घेत नाही," काका गालावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले. "आणि हा बिनदिक्कत त्या दिवशीची वेळ देणार!"

मुद्दा बिनतोड होता. आदिनाथने संगणकात पंचांग घातलं.

"आणि बैलपोळा?"

"पोळा अमावास्येलाच असतो, काका."

"अस्सं." काका जरा हिरमुसले. "मग पितृपंधरवडा बघ."

पितृपंधरवडा झाला. अक्षरं मोठी झाली, पुन्हा बारीक झाली. पडद्यावरच्या जबड्याची उजवी बाजू डावीकडे गेली आणि पुढच्या आठवड्यात, माहेरपण उरकल्यासारखी, परत आली.

मालक वैतागले. "यापुढं प्रत्येक बदल लेखी घे," त्यांनी फोनवर बजावलं. "लिहायचं म्हटलं की लोक गप्प होतात."

काका गप्प झाले नाहीत. चिठ्ठ्या लिहिण्यातच त्यांची हयात गेली होती. अक्षर असं, की आदिनाथला प्रत्येक चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलवाल्या कानिफनाथकडे जावं लागे. तो डोळे बारीक करून वाचायचा, "पडद्याचा रंग... पोपटी." आणि सवयीने सांगायचा, "जेवणानंतर."

काकांची मुलगी, डॉक्टर अश्विनी, आता दवाखाना सांभाळायची. संगणकाची हौस तिची. "पण पाटी बाबांच्या नावाची आहे. त्यांची सही झाली की सुरू," एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे वळायची.

"दादा, चहा ठेवू का?" रिसेप्शनवरच्या सविताताई विचारायच्या. "काका सकाळधरनं लिहित्यात. आज लई हाय."

हळूहळू आदिनाथला उमगलं. आयुष्यभर त्या खुर्चीशेजारी उभा राहिलेला माणूस. संगणक आला की आपलं काम संपलं, असंच वाटत असणार बिचाऱ्याला. एकदा चहा पिताना त्याने विषय काढलाच.

"काका, संगणक आला तरी दवाखाना तुमचाच राहणार."

"ते ठीक आहे रे," काकांनी कोमट चहात बिस्कीट पार विरघळेपर्यंत बुडवलं. "पण तो पोपटी जरा फिका कर."

शेवटी तोड काढली ती मालकांनीच. उरलेले बदल दुसऱ्या टप्प्यात!

"दुसरा टप्पा म्हणजे?" काकांनी विचारलं.

"आधी सुरू करायचं, काका. बदल मागाहून."

"मागाहून?" काकांचा चेहरा उतरला. "मग काय उपयोग?"

"सोमवारी सुरू करू या, बाबा," अश्विनी म्हणाली. तिच्या आवाजात फारच गोडवा होता.

सोमवारी सही करताना काकांनी दोनदा पेन खाली ठेवलं. आदिनाथला भरून आलं. त्याने वाकून नमस्कार केला. "काका, मनाला लावून घेऊ नका. कधीतरी हे व्हायचंच होतं."

काकांनी त्याचा हात घट्ट धरला. सोडेचनात. "एखादा बारीकसा बदल..." ते पुटपुटले.

सविताताईंनी संगणकाला हळदीकुंकू वाहिलं. नारळ फुटला. तिकडून मालकांचा फोन आला, "आदिनाथ, तू आजपासून कायम!" पेढे वाटले गेले. काकांनी आपला पेढा खिशात ठेवला.

आदिनाथ प्रसन्न चेहऱ्याने खुर्ची ओढून बसला. "मॅडम, पहिल्या पेशंटचं नाव सांगा."

"बाबांचंच घाल," अश्विनी म्हणाली. "संगणक सुरू झाला की त्याच दिवशी दाढ काढून घेईन, असा शब्द दिलाय त्यांनी मला. सविताताई, तेवढं बाहेरचं दार लावून घ्या."