वाडग्याचं कौतुक

टोकियोहून आलेल्या हिरोमूचा क्योटोतल्या या जुन्या भोजनगृहात पहिलाच दिवस. शरद लागला म्हणून त्याने रानअळंब्यांचं सार पाठवलं. सगळ्यांत खवचट गिऱ्हाईक, म्हाताऱ्या इमानिशीबाई, एक घोट घेऊन म्हणाल्या, "अगंबाई, वाडगा काय सुरेख आहे!"

हिरोमू खुलला. मालकीणबाई मात्र तरातरा आत आल्या.

"सार पुन्हा कर."

"का? खूश आहेत की!"

"वाडग्यावर खूश आहेत. कर मुकाट्याने."

दुसरं सार इमानिशीबाईंनी थेंबही न ठेवता संपवलं. मग रिकामा वाडगा फिरवून फिरवून बघत त्यांनी नाक मुरडलं, "किती जुनाट वाडगे गं तुझे! दे फेकून."

हिरोमूचा चेहरा उतरला.

मालकीणबाई बाहीआड हसल्या. "जमलं रे मेल्या! खोट काढायला आज वाडगाच उरला त्यांना."